फोडणीला कोणतं तेल?

‘आम्ही इतकी वर्षं सूर्यफुलाचं रिफाइंड तेल आणत होतो. आता सांगतात की बियांची तेलं म्हणजे विष. तूप खा, खोबरेल खा. मग नेमकं आणायचं तरी काय?’

हा प्रश्न आज घरोघरी विचारला जातो आणि तो अगदी रास्त आहे. ज्यांनी १९८० आणि ९० च्या दशकांत संसार मांडले, त्यांना डॉक्टरांपासून जाहिरातींपर्यंत सगळ्यांनी एकच सांगितलं होतं, की तूप सोडा, शेंगतेलही कमी करा आणि करडई किंवा सूर्यफुलाकडे वळा. अनेक घरांनी ते निमूट ऐकलं. सणावाराखेरीज तुपाची बरणी खाली उतरेनाशी झाली. आता त्यांचीच मुलं मोबाइलवर नेमका उलटा उपदेश ऐकतात आणि आईला सांगतात, की सूर्यफूल, सोयाबीन, सरकी, करडई सगळं बंद. दोन्ही वेळा सांगणाऱ्याच्या आवाजात तितकीच खात्री असते.

या प्रकरणाच्या शेवटी तेलांची नावं घेऊन स्पष्ट सांगणारच आहे. पण ती नावं का, हे समजल्याशिवाय पुढचा नवा उपदेश आला की पुन्हा किटली रिकामी करावी लागेल. म्हणून थोडं सावकाश, पायरीपायरीने जाऊ.

१. आधी डब्याचं गणित

तेलाचं नाव विचारण्याआधी माप विचारायला हवं. चौघांचं घर घ्या. महिन्याला ५ लिटरचा एक कॅन संपतो. तेल पाण्यापेक्षा हलकं असतं. एका लिटरचं वजन साधारण ९१० ग्रॅम भरतं. म्हणजे ५ लिटर तेल झालं ४५५० ग्रॅम. चार माणसांनी ते तीस दिवसांत संपवलं, म्हणून ४५५० ला १२० ने भागायचं. उत्तर येतं ३८ ग्रॅम. एका माणसाच्या पोटात दिवसाला इतकं तेल जातं.

हे जास्त की कमी? हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१० साली सुचवलेली मापं अशी होती : बैठं काम करणाऱ्या पुरुषाला दिवसाला २५ ग्रॅम आणि स्त्रीला २० ग्रॅम, मध्यम कष्टाचं काम असेल तर ३० आणि २५, आणि अंगमेहनतीचं जड काम करणाऱ्यांना ४० आणि ३०. यात नुसतं तेल धरलेलं नाही. वरणावरचं तूप, पावाला लावलेलं लोणी असं वरून घेतलेलं सगळं स्निग्ध यातच बसवायचं आहे.

म्हणजे आपल्या उदाहरणातलं घर, जिथे एक जण बँकेत बसतो, एक शिकवते आणि दोघं शाळा-कॉलेजात जातात, ते दिवसभर दगड फोडणाऱ्या मजुराच्या मापाने तेल खात आहे. शिवाय तूप, बाहेरचा वडा, चहाबरोबरची खारी आणि डब्यातलं फरसाण अजून मोजलेलंच नाही. तेल कोणतंही असो, एका ग्रॅममधून ९ कॅलरी मिळतात. दिवसाला १३ ग्रॅम जास्तीचं म्हणजे ११७ कॅलरी, साधारण एका पोळीइतक्या. ही जादा पोळी रोज खाल्ली जाते आणि ती खाल्ल्याची आठवणही राहत नाही.

चहाच्या चमच्यात ५ मिलिलिटर, म्हणजे साडेचार ग्रॅम तेल मावतं. चौघांच्या भाजीला किटलीने धार सोडली तर किती चमचे पडतात, हे एकदा मोजून पाहावं.

२. तेलात असतं काय?

तूप, शेंगतेल, खोबरेल, माशाचं तेल, या सगळ्यांची मूळ घडण एकच. ग्लिसरॉल नावाच्या एका छोट्या कण्याला तीन लांब शेपट्या जोडलेल्या असतात. या शेपट्यांना मेदाम्लं म्हणतात. तेलातेलातला जो काही फरक आहे, तो मुख्यतः या शेपट्यांचा.

काही शेपट्या सरळसोट असतात. ती संपृक्त मेदाम्लं. काहींना एका ठिकाणी बाक असतो. आपल्या आहारातलं असं मुख्य मेदाम्ल म्हणजे ओलिक आम्ल. आणि काहींना दोन किंवा अधिक बाक असतात. त्यातलं सगळ्यात जास्त आढळणारं लिनोलेइक आम्ल. ओमेगा-६ म्हणून ज्याचं नाव कानावर येतं ते हेच. उसाची मोळी आठवा. सरळ ऊस एकमेकांना चिकटून घट्ट बांधले जातात. वाकड्या फांद्यांची मोळी कितीही आवळली तरी सैलच राहते. सरळ शेपट्या जास्त असलेलं तूप म्हणूनच हिवाळ्यात थिजतं आणि बाकदार शेपट्यांचं करडई तेल थंडीतही पातळ राहतं.

निसर्गात कोणतंच तेल एकाच प्रकारच्या शेपट्यांचं नसतं. १०० ग्रॅम शेंगतेलात साधारण १८ ग्रॅम संपृक्त, निम्म्याच्या आसपास ओलिक आणि ३० ग्रॅमच्या आसपास लिनोलेइक आम्ल असतं. तिळाच्या तेलात ओलिक आणि लिनोलेइक जवळपास बरोबरीने, चाळिसाच्या आसपास. सूर्यफुलाच्या नेहमीच्या तेलात लिनोलेइक ६० च्या पुढे. आपल्या पारंपरिक करडईत तर ७५ पर्यंत. सोयाबीनमध्ये ते निम्म्याहून थोडं जास्त असतं. पामतेलाचा निम्मा भाग संपृक्त, तुपाचा साठ टक्क्यांहून अधिक आणि खोबरेलाचा तब्बल ९० टक्के.

आता लिनोलेइक आम्ल विष असतं का, हे याच पायरीवर उरकून टाकू. १९२९-३० च्या सुमारास अमेरिकेत जॉर्ज आणि मिल्ड्रेड बर या जोडप्याने उंदरांना पूर्णपणे स्निग्धरहित अन्न दिलं. उंदरांच्या कातडीवर खवले आले, वाढ खुंटली. आहारात थोडंसं लिनोलेइक आम्ल मिसळल्यावर ते सुधारले. आपलं शरीरही हे मेदाम्ल स्वतः तयार करू शकत नाही. ते अन्नातूनच यावं लागतं. त्यामुळे ते ‘अजिबात नको’ असं म्हणता येत नाही. प्रश्न किती, एवढाच उरतो आणि त्याचं उत्तर चौथ्या भागात आकड्यांनिशी पाहू.

३. घाणा आणि रिफायनरी

संत तुकारामांचे अभंग लिहून घेणारे संताजी जगनाडे महाराज चाकणचे, आणि त्यांच्या घराचा धंदा घाण्याचा. गावोगाव बैलाच्या घाण्यावर तेल काढण्याची ही रीत आपल्याकडे काही पिढ्यांपूर्वीपर्यंत चालू होती. आज शहरांत विजेवर फिरणारे लाकडी घाणे पुन्हा दिसू लागले आहेत आणि त्यांच्या पाट्यांवर मोठे दावे असतात. ते तपासण्याआधी एक साधी गोष्ट पाहू : कोणत्या बीमध्ये किती तेल असतं?

शेंगदाण्यात ४५ ते ५० टक्के तेल असतं, तिळात त्याच्याच आसपास. असे दाणे नुसते दाबले तरी भरपूर तेल सुटतं. सोयाबीनमध्ये मात्र ते जेमतेम १८ ते २० टक्के. घाण्यात घातलं तर त्यातलं पुष्कळसं पेंडीतच अडकून राहील. म्हणून सोयाबीनचे पोहे करून त्यावरून हेक्झेन हे द्रावक सोडतात. ते तेल विरघळवून घेतं. नंतर ते तापवून उडवून लावतात आणि पुन्हा वापरतात. मागे राहिलेलं कच्चं तेल खाण्याजोगं नसतं. त्यातला चिकट अंश, मोकळी आम्लं, रंग आणि वास एकामागून एक काढावे लागतात. वास काढण्याच्या शेवटच्या टप्प्यात तेल निर्वातात २०० अंशांच्या पुढे तापवून त्यातून वाफ सोडतात. यालाच आपण रिफाइंड तेल म्हणतो.

यात काही जातं, हे खरं. जीवनसत्त्व ई चा काही भाग जातो, चव आणि गंध जातो, काही उपयुक्त वनस्पती-स्टेरॉल जातात. पण शेपट्यांचं प्रमाण जवळपास तेच राहतं. घाण्यावरच्या सूर्यफूल तेलात जितकं लिनोलेइक, जवळपास तितकंच रिफाइंडमध्ये. त्यामुळे ‘घाण्यावरचं’ असं म्हटल्याने सूर्यफुलाचं तेल शेंगतेलासारखं होत नाही.

शुद्धीकरणाने काही नको असलेल्या गोष्टीही जातात, हे घाण्याच्या पाटीवर लिहिलेलं नसतं. सरकीत गॉसिपॉल नावाचं विषारी द्रव्य असतं. ते शुद्धीकरणातच निघतं, म्हणून सरकीचं कच्चं तेल खाऊ नये. ओल लागून बुरशी धरलेल्या शेंगदाण्यात अफ्लाटॉक्सिन तयार होतं आणि ते यकृताला घातक आहे. रिफाइंड शेंगतेलातून ते निघून जातं, घाण्यावरच्या तेलात उतरू शकतं. म्हणून घाण्याचं तेल घेणाऱ्याने तेलाइतकंच दाण्यांकडेही बघावं. घाणेवाल्याला दाणे दाखवायला सांगा. काळे पडलेले, सुरकुतलेले, कुबट वासाचे दाणे पोत्यात दिसले तर तिथून उठा.

भावाचाही एक हिशेब आहे. घाण्यावर एक किलो शेंगतेल काढायला साधारण अडीच किलो चांगले दाणे लागतात. पेंड विकून थोडे पैसे परत येतात, तरीही अडीच किलो दाण्यांच्या भावापेक्षा खूप स्वस्तात कोणी ‘शुद्ध घाण्याचं’ तेल देत असेल, तर त्यात दुसरं काहीतरी मिसळलेलं आहे, असं मी धरून चालतो.

४. बियांच्या तेलांवरचा आरोप

आता मुख्य वादाकडे. आरोप असा : या तेलांतलं लिनोलेइक आम्ल शरीरात दाह वाढवतं, आणि दाहातून हृदयविकार, मधुमेह, लठ्ठपणा असे सगळे आजार येतात.

यातला दाहाचा धागा आधी. लिनोलेइक आम्लापासून शरीर अ‍ॅराकिडोनिक आम्ल बनवतं आणि त्यापासून दाह घडवणारी काही रसायनं तयार होतात. कागदावर साखळी पूर्ण दिसते. प्रत्यक्षात शरीर हे रूपांतर घट्ट आवरून धरतं. माणसांना जास्त लिनोलेइक देऊन केलेल्या चाचण्यांत रक्तातलं अ‍ॅराकिडोनिक आम्ल किंवा दाहाची मापं त्या प्रमाणात वाढलेली आढळली नाहीत. तेव्हा ‘दाह’ हा आरोपाचा सगळ्यात कच्चा भाग.

पण दोन जुने प्रयोग असे आहेत, की ते नजरेआड करणं प्रामाणिकपणाचं होणार नाही. पहिला ऑस्ट्रेलियातल्या सिडनीचा, १९६६ ते १९७३ मधला. हृदयविकार होऊन गेलेले ४५८ पुरुष त्यात होते. एका गटाला संपृक्त स्निग्धांच्या जागी चक्क करडईचं तेल आणि करडईचंच मार्जरिन दिलं. कोलेस्टेरॉल उतरलं, तरी त्या गटात मृत्यू जास्त झाले. २०१३ मध्ये ख्रिस्तोफर रॅम्सडेन आणि सहकाऱ्यांनी जुनी आकडेवारी शोधून पुन्हा मांडली : एकूण मृत्यू १७.६ टक्के विरुद्ध ११.८ टक्के. दुसरा प्रयोग अमेरिकेतल्या मिनेसोटाचा, १९६८ ते १९७३ मधला, मक्याच्या तेलावरचा, नऊ हजारांहून अधिक लोकांवर केलेला. तिथेही कोलेस्टेरॉल कमी झालं, मृत्यू मात्र कमी झाले नाहीत.

उलट बाजूलाही प्रयोग आहेत. लॉस एंजेलिसच्या माजी सैनिकांच्या निवासात आणि फिनलंडच्या मनोरुग्णालयांत संपृक्त स्निग्ध कमी करून वनस्पती तेलं दिली, तेव्हा हृदयविकार घटला. पुढे अनेक देशांतल्या लोकांच्या आहाराचा वर्षानुवर्षं मागोवा घेतला गेला. त्यातही लिनोलेइक आम्ल बेताने जास्त खाणाऱ्यांत हृदयविकार कमीच आढळला. सिडनीच्या मार्जरिनमध्ये त्या काळच्या पद्धतीप्रमाणे ट्रान्स मेद (ते काय, हे सहाव्या भागात) असावेत, आणि मिनेसोटात पुष्कळ रुग्ण लवकर घरी गेल्याने त्यांनी तो आहार थोडाच काळ घेतला, असे आक्षेपही आहेत. जगातल्या बहुतेक हृदयरोग संस्था म्हणूनच आजही संपृक्त स्निग्धांच्या जागी असंपृक्त तेलं घ्या, असं सांगतात.

मला सिडनीच्या प्रयोगातला एक आकडा महत्त्वाचा वाटतो. त्या गटाच्या रोजच्या ऊर्जेतला जवळजवळ १५ टक्के भाग एकट्या लिनोलेइक आम्लातून येत होता. जागतिक आरोग्य संघटना आणि अन्न व कृषी संघटनेच्या तज्ज्ञांनी त्यासाठी सुचवलेली कक्षा २.५ ते ९ टक्के आहे. आता पुन्हा आपल्या चौघांच्या घरात या. दिवसाचा आहार २००० कॅलरींचा धरा. तेल दरडोई ३८ ग्रॅम. ते सगळं पारंपरिक करडईचं असेल तर लिनोलेइक झालं साडेअठ्ठावीस ग्रॅम, म्हणजे २५६ कॅलरी. दोन हजारांचे जवळपास १३ टक्के. सूर्यफुलाचं असेल तर १० टक्क्यांच्या पुढे. शेंगतेलाचं असेल तर साधारण ५ टक्के. धान्य-कडधान्यांतून येणारं थोडं लिनोलेइक यात धरलेलंच नाही.

आता तेच करडई तेल २५ ग्रॅमच्या मापात घ्या. लिनोलेइक होतं १८.७५ ग्रॅम, म्हणजे साडेआठ टक्क्यांच्या आत. तेल तेच, बी तीच. डबा लवकर संपत होता, एवढीच तक्रार होती.

म्हणून माझं मत असं आहे : करडई, सूर्यफूल, सोयाबीन ही विषं नाहीत. पण वर्षभर, सकाळ-संध्याकाळ, तळणीसकट, सढळ हाताने फक्त तेच एक तेल वापरण्याची जी सवय आपल्याला लावली गेली, ती चुकीची होती. आणि ती सोडताना तूप-खोबरेलाकडे तितक्याच सढळ हाताने वळणं हीही चूकच ठरेल.

बियांची तेलं सोडल्यावर बरं वाटलं, वजन उतरलं, असं सांगणारे लोक खोटं बोलत नाहीत. त्यांनी तेलाबरोबर आणखी काय सोडलं ते विचारा. चिप्स, बिस्किटं, फरसाण, नूडल्स, हॉटेलच्या ग्रेव्ही, हे सगळं पाम, सोयाबीन किंवा सरकीच्या तेलात बनतं. पाकिटावरची बारीक अक्षरं वाचून त्या तेलांना नकार देणाऱ्या माणसाच्या ताटातून आपोआप मैदा, मीठ, साखर आणि तळण कमी होतं. त्या सुधारणेचं श्रेय एकट्या तेलाला देता येत नाही.

५. तूप आणि खोबरं यांचं काय?

संपृक्त मेदाम्लं रक्तातलं एलडीएल, म्हणजे वाईट, कोलेस्टेरॉल वाढवतात, हे पक्कं ठरलेलं आहे. ती एकूण ऊर्जेच्या १० टक्क्यांच्या आत ठेवा, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. २००० कॅलरींत हे झाले २२ ग्रॅम. चमचाभर तुपात साधारण तीन ग्रॅम जातात. म्हणजे वरण-भातावर एक आणि भाकरीवर एक चमचा तूप निरोगी माणसाला खुशाल चालेल. मात्र त्याच दिवशी ६ टक्के स्निग्धांशाचं पाव लिटर दूध घेतलं तर आणखी नऊ-दहा ग्रॅम जमा होतात. वर पनीर, चीज आणि बेकरीचा माल आला की बावीसची मर्यादा दुपारच्या चहालाच गाठली जाते.

दक्षिण कोकणात आणि गोव्यात स्वयंपाकाला खोबरेल वापरणारी घरं आहेत; घाटावर मात्र ते डोक्याला लावायचं तेल. जिथे आमटीत, हुमणात, सोलकढीत ओलं खोबरं रोज आहे, तिथे संपृक्ताचा वाटा नारळातूनच येतो. नारळाबरोबर तंतू तरी मिळतात. त्यात खोबरेलाची आणि तुपाची भर घालायला जागा उरत नाही. ज्यांचं एलडीएल वाढलेलं आहे किंवा हृदयविकार आहे, त्यांनी तूप-खोबरेलाचं माप आपल्या डॉक्टरांनाच विचारून ठरवावं.

६. डालडा

पातळ तेलात हायड्रोजन सोडून त्याला घट्ट करण्याची युक्ती जर्मनीच्या विल्हेल्म नॉर्मान यांनी १९०२ मध्ये नोंदवली. १९३७ मध्ये भारतात डालडा आला आणि लग्नाच्या पंक्तींतून साजूक तूप मागे हटलं. तेल अर्धवट घट्ट करताना काही वाकड्या शेपट्या सरळ होतात, पण संपृक्त होत नाहीत. हेच ट्रान्स मेद. ते वाईट कोलेस्टेरॉल वाढवतात, चांगलं कमी करतात, आणि त्यांच्याबाबत आज तज्ज्ञांमध्ये वाद उरलेला नाही. भारताच्या अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने तेल-तुपातल्या ट्रान्स मेदांची मर्यादा २०२१ मध्ये ३ टक्के आणि २०२२ पासून २ टक्के केली. घरात वनस्पती तूप आणण्याचं एकही कारण मला दिसत नाही.

७. कढई तापल्यावर

शेपटीला जितके बाक जास्त, तितकी ती उष्णतेत आणि हवेत लवकर बिघडते. बाकाच्या ठिकाणी प्राणवायू शिरतो, शेपटी तुटते आणि अल्डिहाइडसारखी तिखट, त्रासदायक द्रव्यं तयार होतात. तळणीच्या जुन्या तेलाचा डोळ्यांना झोंबणारा वास त्यांचाच. म्हणून फोडणीला चालणारं सूर्यफूल तेल दिवाळीच्या चकल्यांना योग्य नाही. रिफाइंड तेलाला धूर उशिरा येतो हे बरोबर आहे. पण धूर येण्याआधीच बिघाड सुरू झालेला असतो, त्यामुळे नुसत्या धुरावर विसंबता येत नाही.

खरा धोका पुन्हापुन्हा तापवलेल्या तेलात आहे. वापरलेल्या तेलात बिघाडाची द्रव्यं २५ टक्क्यांच्या वर गेली की ते फेकलंच पाहिजे, असा नियम १ जुलै २०१८ पासून देशात लागू आहे. हॉटेलांकडून असं तेल गोळा करून त्याचं बायोडिझेल करण्याची योजनाही आहे. पण नाक्यावरच्या गाडीवर कालच्या काळ्या तेलात आज नवं तेल ओतलं जातं, हे आपण रोज पाहतो. वडा खायचा तर तेलाचा रंग बघून खावा. फेस मावळत नसेल, तेल चहासारखं काळं आणि मधासारखं दाट झालं असेल, तर पुढे चालू लागावं.

घरी मोठ्या कढईत दोन लिटर तेल ओतून तळण काढायचं आणि मग ते तेल महिनाभर पुरवायचं, ही पद्धत बदलायला हवी. लहान, खोलगट कढई घ्या. तळणाला शेंगतेल किंवा थोडंसं तूप वापरा. उरलेलं तेल गार झालं की गाळून घ्या आणि दोन-तीन दिवसांत फोडणीला संपवा. पुन्हा तळायला नको, ताज्या तेलातही मिसळायला नको. आणि पेटत्या शेगडीशेजारी पारदर्शक बाटलीत तेल ठेवू नका. उजेड आणि उष्णता ते खवट करतात. घाण्यावरचं तेल स्टीलच्या झाकणाच्या डब्यात, थोडं थोडंच आणावं.

८. जवस, कारळं आणि बांगडा

आवश्यक मेदाम्लं दोन आहेत. लिनोलेइकचं आपण पाहिलं. दुसरं आल्फा-लिनोलेनिक, म्हणजे ओमेगा-३. ते शेंगतेलात, तिळात, करडईत, सूर्यफुलात जवळजवळ नसतंच. आपल्या आहारातली खरी उणीव इथे आहे आणि तिच्यावर उपाय विदर्भ-मराठवाड्याच्या स्वयंपाकघरात आधीपासून आहे : जवसाची चटणी. दहा ग्रॅम जवसात साधारण चार ग्रॅम तेल असतं आणि त्यातला निम्मा भाग हे ओमेगा-३. म्हणजे दोन ग्रॅम. प्रौढ माणसाची दिवसाची गरज एक ते दीड ग्रॅमच्या आसपास आहे. फक्त जवस भाजून कुटलेला हवा. अख्खा गिळला तर तसाच बाहेर पडतो. कारळ्याची चटणीही खावी, पण ओमेगा-३ साठी जवसच. जवसाचं तेल कधीही तापवू नये.

मासे खाणाऱ्यांना बांगडा आणि तारली यांच्यातून याच घराण्यातली अधिक उपयोगी मेदाम्लं थेट मिळतात. महागड्या पापलेटापेक्षा हे मासे कितीतरी स्वस्त आहेत. शाकाहाऱ्यांच्या शरीरात जवसापासून ही मेदाम्लं तयार होतात, पण फार थोडी.

९. मग आणायचं काय?

रोजच्या स्वयंपाकाला शेंगतेल. चांगल्या दाण्यांची खात्री असेल तर घाण्यावरचं, नसेल तर रिफाइंड घ्यायला कचरू नका. शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी असलेल्यांनी भाताच्या कोंड्याचं तेल घ्यावं. त्यातही ओलिक भरपूर असतं. दर एक-दोन महिन्यांनी तिळाचं किंवा करडईचं एखादं लिटर आणावं. करडई या आपल्या कोरडवाहू रब्बी पिकाखालचं क्षेत्र गेल्या काही दशकांत घटत गेलं आहे आणि देशाला लागणारं निम्म्याहून अधिक खाद्यतेल बाहेरून येतं, हेही ते आणताना लक्षात असू द्या. मोहरीचा उग्रपणा आवडत असेल तर लोणच्याला आणि एखाद्या भाजीला तीही बरी. तिच्यात थोडं ओमेगा-३ असतं. तूप दिवसाला एक-दोन चमचे, मोजून. जवसाची चटणी रोज. घरात सूर्यफूल किंवा सोयाबीनचं तेल आलेलंच असेल तर फेकू नका. त्यात तळू नका आणि संपलं की बदला. ‘कोलेस्टेरॉल फ्री’ या शब्दांसाठी जास्त पैसे देऊ नका. कोणत्याही वनस्पती तेलात कोलेस्टेरॉल नगण्यच असतं.

चौघांच्या बैठ्या घराला महिन्याला तेल आणि तूप मिळून सव्वातीन लिटरच्या आत भागलं पाहिजे. आज नवा डबा फोडाल तेव्हा त्यावर पेनाने तारीख लिहा आणि संपेल त्या दिवशी पहिल्या भागातलं गणित करून बघा. उत्तर पंचविशीच्या वर आलं, तर तेलाचं नाव बदलण्याआधी किटलीची धार बंद करा आणि चमच्याने तेल घालायला सुरुवात करा.